सतरा माणसांचे डोळे

आमच्या गावच्या संग्रहालयात तिसऱ्या खोलीच्या भिंतीवर बेचाळीस फोटो आहेत. त्यातली सतरा माणसं माझ्या डोळ्यांनी बघतात. हे मी उद्घाटनाच्या दिवशीच मोजलं, नारळाचं पाणी अजून फरशीवर ओलं होतं तेव्हा. कोणाला काही बोलले नाही. पेढा खाल्ला आणि घरी आले.

संग्रहालय म्हणजे जुना दवाखाना. नवा दवाखाना मोठ्या रस्त्यावर गेल्यावर ही कौलारू इमारत बरीच वर्षं बकऱ्यांच्या ताब्यात होती. मग गावातल्या चार रिटायर माणसांना एकाएकी इतिहास आठवला. कमिटी झाली, बकऱ्या बाहेर गेल्या, चुना मारला. पहिल्या खोलीत नांगर, धान मोजायची पायली, बांबूची कणगी. दुसरीत मासे धरायची जाळी, मोहफुलं वेचायच्या टोपल्या आणि लुगडं नेसवलेली एक प्लास्टरची बाई. तिचा चेहरा कुठल्या तरी शहरातल्या कापडदुकानातून आलेला आहे, त्यामुळे ती टोपलीकडे अशी बघते की हे काय माझ्या हातात दिलं. तिसऱ्या खोलीत ‘आपली माणसं’, म्हणजे फोटोंची भिंत. भिंतीच्या बाजूला एका प्राध्यापकांनी लिहून दिलेला फलक आहे. त्यात म्हटलंय की या मुलखातल्या लोकांच्या नजरेत एक शांत उदासी आढळते, आणि उजवी पापणी किंचित झुकलेली असणं हेही इथल्या चेहऱ्यांचं लक्षण मानता येईल.

माझी डावी पापणी लहानपणापासून जराशी पडलेली आहे. आरशात बघून काढल्यामुळे भिंतीवरच्यांची उजवी पडलेली आहे. हे एवढंच त्या प्राध्यापकांच्या शोधाचं मूळ.

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या नवऱ्याचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. तेव्हा आमच्या भागात माणसं जिवंतपणी फोटो काढत नसत. लग्नात कोणी काढला तर काढला, एरवी धानाची रोवणी, निंदण, कापणी, तेंदूपत्ता, यातून सवड कोणाला. माणूस गेला की मात्र घरच्यांच्या एकदम लक्षात येई की याचा चेहरा कुठेच नाही. मग कोणीतरी सायकल मारत स्टुडिओत येई. नवरा कॅमेरा आणि स्टँड घेऊन जाई. गेलेल्याला आंघोळ घालून, धुतलेले कपडे घालून खुर्चीत बसवत. पाठीमागे चादर धरत, चादरीआडून कोणीतरी डोकं सावरून धरी, आणि फोटो निघे. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो आमच्याकडे कोणी भिंतीवर लावत नाही. त्याला हार घातला तर गेलेला माणूस वाट चुकतो, असं म्हाताऱ्या म्हणत. म्हणून डोळे उघडून द्यावे लागत. ते काम माझं होतं.

झिरो नंबरचा ब्रश, काळी शाई, पांढरा रंग. छापलेल्या फोटोतल्या पापणीवर आधी पांढरा द्यायचा. तो वाळला की बुबुळ, आणि बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. ठिपका जागेवर बसला की माणूस बघायला लागतो. मग त्या रंगवलेल्या फोटोचा परत फोटो काढायचा, म्हणजे ब्रशचे वार दिसत नाहीत. रंगीत फोटो आले तरी हे काम आम्ही ब्लॅक-व्हाइटमध्येच केलं, कारण रंगीत कागदावर माझा ब्रश बसत नसे.

अडचण एकच होती. मिटलेल्या पापणीखाली काय होतं ते मला कसं कळणार? घरच्यांना विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. नवऱ्याने एकदा एका विधुराला विचारलं, तर तो बिचारा रडायलाच लागला, की तीस वर्षं संसार केला आणि हे काही मी पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही विचारणं सोडलं. मी टेबलावर एक छोटा आरसा ठेवला आणि त्यात बघून डोळे काढायला लागले. पहिले दोन-तीन फोटो करताना ठिपका पुसून परत परत द्यावा लागला. पुढे भाजी चिरावी तशी सवय झाली. लोक फोटो घेऊन जाताना रडत आणि म्हणत, बोलूनच राह्यला जी आता. गावात मला डोळेवाली बाई म्हणत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

नवऱ्याच्या आधी स्टुडिओ गेला. मोबाईल आले, आणि मेलेला माणूस जिवंतपणीच हजार वेळा फोटोत येऊन गेलेला असायचा. मग नवराही गेला. त्याचा फोटो मात्र डोळे उघडे असतानाचा आहे, मीच काढला होता. कमिटीचे रिटायर हेडमास्तर घरी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत निगेटिव्ह आणि जास्तीच्या प्रिंटा भरल्या होत्या. हेडमास्तर म्हणाले, “बाई, सगळं गाव तुमच्या ट्रंकेत आहे.” मी फुगले. तयार प्रिंटा काढून दिल्या. मूळ निगेटिव्ह दिल्या नाहीत. मेलेल्या माणसांना मेलेलं बघायचा हक्क कमिटीला नाही, असं माझं मत होतं. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बुधवारी आमच्याकडे बाजार असतो. भाजी घेऊन झाली की मी संग्रहालयात जाऊन बसते. इतिहासाच्या प्रेमाने म्हणाल तर तसं काही नाही. तिथे पंखा आहे आणि बाक आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका बुधवारी मी बाकावर बसले होते, तर एक पोरगी आली. तेवीस-चोवीसची असेल. सातवा महिना तरी असावा. चपला दाराशी काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि भिंतीच्या खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या फोटोसमोर जमिनीवर बसली. पिशवीतून पेरू काढला, अर्धा खाल्ला, आणि फोटोकडे बघून हळूहळू बोलायला लागली.

“कोन हाये वं थे तुही?” मी न राहवून विचारलं.

“माय हाये माही,” ती म्हणाली. “मी आठ महिन्याची होती तवा गेली. रोवनीत पान लागलं.”

साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

“गडचिरोलीले नेऊन राह्यले होते, रस्त्यातच गेली,” ती म्हणाली. “घरी फोटो होता. बाप होता तोवर त्यानं जपला. बाप गेला, घर काकाकडे गेलं, फोटोले उधई लागली आन काकूनं फेकून देल्ला. मंग गावच्या एका बाईनं सांगतलं, तुही माय बाजाराच्या गावात भिताडावर हाये.”

मी फोटोकडे पाहिलं. उजवी पापणी किंचित झुकलेली. तो चेहरा मला आठवला नाही. इतके चेहरे हाताखालून गेले की नवल नाही. पण पांढरा ठिपका बघून कळलं की काम चांगलं झालंय.

“पहिल्या बाळंतपनाले सगळ्या पोरी माहेरी जातात,” ती म्हणाली. “मी कुठी जाऊ? म्हनून बाजाराच्या निमित्तानं इथीच येऊन बसतो, बाई.”

मग दर बुधवारी ती दिसायची. सासरचं गाव दहा-बारा किलोमीटरवर, अकराच्या बसने यायची, पाचच्या बसने परत. मी बाकावर आणि ती खाली. मला ऐकू येतं हे तिला माहीत होतं, पण म्हाताऱ्या माणसाचं कोणी मनावर घेत नाही. ती त्या फोटोला सगळं सांगायची. पाय सुजतात ते. नवरा चांगला आहे पण बोलत नाही ते. एकदा म्हणाली, “माय, मले लय भेव लागते वं,” आणि बराच वेळ डोळे न हलवता फोटोच्या डोळ्यांत बघत बसली. मग उठली, पदर सारखा केला आणि हलकी होऊन गेली. मी माझ्या पिशवीतली वांगी उगाच खालीवर करत होते.

तिचे स्वतःचे डोळे घारे होते. दारातून ऊन आलं की मधासारखे दिसत. त्यावरूनच सगळं घडलं.

“सासू म्हनते, हे मांजरावानी डोळे कोनाचे आनले?” एका बुधवारी ती मला म्हणाली. “बापाचे काळे होते. मायचे बी काळेच हायेत, पाहा ना. मंग मी कोनावर गेली? सासू हासूनच म्हनते, पन म्हनते. आता पोट्ट्याचे डोळे असेच आले तं मले जगू नाई देनार.” मग फोटोकडे बघून म्हणाली, “येवढ्या साऱ्या मायीतलं मले कायीच नाई भेटलं.”

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. त्या बाईचे डोळे कसे होते ते मला माहीत नव्हतं, पण ते मी काढले तसे नव्हते हे नक्की होतं. घारे असतीलही. पोरीकडे ते तिच्या आईकडूनच आले असतील आणि भिंतीवर मीच ते काळे करून ठेवले असतील. मला वाटलं, हे सांगितलं तर पोरीला माहेरची एक तरी वस्तू मिळेल. खरं सांगते, मला वाटलं मी तिची ओटी भरतेय. नवरा असता तर म्हणाला असता, गप बस. पण तो नव्हता, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुढच्या बुधवारी तिला बाकावर बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं. खुर्ची, चादर, ब्रश, आरसा. शेवटी म्हणाले, “थे डोळे तुह्या मायचे नाईत वं. तुह्या मायचे डोळे तुह्याकडेच असतीन. सासूले छाती ठोकून सांग.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चष्मा काढा.”

मी काढला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत माझ्याकडे. चष्म्याशिवाय मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आवाज तेवढा ऐकू आला.

“मंग मी इतके दिवस तुमच्याशीच बोलून राह्यली होती का?”

मी चष्मा परत लावला. ती भिंतीपाशी गेली आणि बाकीच्या फोटोंसमोरून एकेक करत सरकली. म्हातारा कोतवाल, कोशाचं रेशीम विणणारी बाई, टोपी घातलेला मुलगा. प्रत्येकाच्या उजव्या पापणीशी थांबली. मला वाटत होतं जमीन फाटावी.

“असली फोटो हाये का?” तिने वळून विचारलं. “डोळे मिटलेला?”

नाही म्हणता आलं असतं. मी एवढी माणसं रंगवली, एक थाप मारायला काय हरकत होती? पण एकदा खरेपणाचं भूत चढलं की ते लवकर उतरत नाही. मी हो म्हणाले.

आम्ही माझ्या घरी आलो. ट्रंकेतल्या पाकिटांवर नवऱ्याने गावाचं नाव आणि एखादी खूण लिहून ठेवलेली असायची. तिच्या माहेरच्या गावाचं पाकीट अर्ध्या तासाने सापडलं. त्यावर लिहिलं होतं, बाई, रोवणी, लहान मूल. शेवटचे दोन शब्द वाचले तेव्हा मला आठवलं. पण तोवर तिने निगेटिव्ह माझ्या हातातून घेतली होती. खिडकीच्या काचेवर धरली, मोबाईलने तिचा फोटो घेतला आणि बोटाने काहीतरी दाबून काळ्याचं पांढरं केलं.

अंगणात खुर्ची. खुर्चीत बाई, मान थोडी कललेली, अंबाड्यामागे चादरीतून आलेली कोणाची तरी बोटं. आणि मांडीवर आठ महिन्यांची पोर. कपाळाला गालबोट, एका मुठीत आईचा पदर, मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे बघणारी. पोरीचे डोळे टक्क उघडे होते. फोटो हार घालून लावायचा म्हणून मी तो छातीपर्यंतच ठेवला होता आणि खालची पोर कापून टाकली होती.

तिने दोन बोटांनी फोटो मोठा करून आधी पोर पाहिली, मग वर सरकवून मिटलेल्या पापण्या पाहिल्या. मग तिने मावशीला फोन लावला. मावशी नागभीडकडे दिलेली. स्पीकर चालू होता.

“मावशी, मायचे डोळे कशे होते वं? काळे का घारे?”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“होते वं, सगळ्याइचे रायते तशे,” मावशी म्हणाली. “येवढ्या वर्साचं कोनाले आठोते? काऊन इचारून राह्यली?”

“कायी नाई,” ती म्हणाली. “मावशी, मायच्या फोटोत मले मांडीवर कोनं बसवलं होतं?”

“कोनी कायले बसवीन? तूच सोडत नोती. वढून काढलं तं किंचाळे. मंग फोटोवाले भाऊ म्हने राहू द्या.”

तिने फोन ठेवला. रडली नाही. मी पाणी दिलं, ते प्याली. निगेटिव्ह परत पाकिटात घालून तिने माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं घेऊन जा, तुझीच आहे. “नाई बाई,” ती म्हणाली, “घरी नेली तं सासू इचारंन. आन पोटुशी बाईनं मेलेल्या मानसाचा फोटो जवळ ठेवू नाई म्हनतात.” मोबाईलमधला फोटोही तिने माझ्यादेखत पुसला. मग घड्याळ पाहिलं आणि पाचच्या बसला गेली.

मी हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, फलक बदला, हे डोळे माझे आहेत, निदान खाली बारीक अक्षरात लिहा. ते घाबरले. म्हणाले, “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकाला सांगितलं की सतरा घरं दारात येतील, आमचा माणूस कुठे आहे म्हणतील. काय दाखवणार तुम्ही त्यांना?” मी त्यांच्याशी भांडायला म्हणून गेले होते आणि त्यांचा चहा पिऊन परत आले. त्यांचं खरं होतं. माझ्याकडे दाखवायला मिटलेल्या पापण्यांशिवाय काही नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. मी अकराच्या बसच्या वेळी भाजी अर्धवट टाकून संग्रहालयात जाऊन बसायची. पंखा फिरायचा. मी त्या कोपऱ्यातल्या फोटोकडे बघायची आणि मला स्वतःची चीड यायची. एवढी वर्षं जी कोणाला रागावली नाही, जिने टोमणा मारला नाही, फक्त ऐकून घेतलं, अशी एक आई तिच्याकडे होती. खोटी होती, पण होती. ती मी काढून घेतली आणि बदल्यात एक प्रेत दिलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एवढं वाईट काम केलेलं नाही, आणि ते मी चांगल्या मनाने केलं, याचा मला आजही जास्त राग येतो. तिच्या सासरच्या गावची एक बाई बाजारात लाखोळीची डाळ विकते. तिच्याकडून दिवाळीनंतर कळलं की पोरगी बाळंत झाली, मुलगी झाली, सासरीच झाली. बाकी काही तिला माहीत नव्हतं.

धानाची मळणी आटोपल्यावर एका बुधवारी ती आली. बाळ खांद्यावर, बरोबर सासू. दवाखान्यात बाळाला सुई टोचून आणली होती आणि बसला वेळ होता म्हणून सासूलाच संग्रहालय पाहायचं होतं. मी बाकावर होते. तिने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही. बाळ झोपलेलं होतं. त्याचे डोळे कसे आहेत ते मला कळलं नाही, आणि विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

सासू हौशी होती. नांगर पाहिला, कणगी पाहिली, प्लास्टरच्या बाईला हात लावून पाहिला. मग फोटोंच्या भिंतीपाशी आली. एकेक चेहरा बघत खालच्या कोपऱ्याशी पोचली आणि तिथे वाकली.

“काऊन वं, तू म्हनत होती ना तुही माय इथी खालच्या कोपऱ्यात हाये म्हनून,” ती सुनेला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, उलट माया होती. “हेच का थे? दाखव ना नातीले.”

पोरीने फोटोकडे पाहिलं. जेवढा वेळ कोणत्याही फोटोकडे बघतात तेवढाच वेळ पाहिलं.

“नाई जी,” ती म्हणाली, “हे कोनी नाई.” आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन दाराकडे निघाली.